अख्ख्या मांडीसाठी घरचा कोरडा मसाला : प्रकल्प नोंदी

4 फेब्रुवारी 2024

बोकडाची मागची मांडी न तोडता, अख्खी, ओव्हनमध्ये भाजायची आणि तिच्यावर चोळायचा कोरडा मसाला घरी तयार करायचा, एवढेच या प्रकल्पाचे काम आहे. मूळ कल्पना रोस्ट बीफची. इंग्लंडमध्ये रविवारच्या जेवणासाठी मांसाचा मोठा तुकडा अख्खा भाजतात आणि त्याला आधी मीठ, भरड मिरे आणि फार तर मोहरीची पूड चोळतात. टेक्सासकडचे पुष्कळ लोक मीठ-मिऱ्यांवरच थांबतात, तर माँट्रियलच्या प्रसिद्ध मसाल्यात मिऱ्यांच्या जोडीला लसूण, धणे आणि शेपूचे बी येते. कर्नाटकात 2020 च्या कायद्याने गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे आणि आमच्या घरी तसेही मटणच शिजते. त्यामुळे पद्धत तिकडची असली तरी मांस बोकडाचे आणि मसाल्याचे जिन्नस बेळगावच्या बाजारातले, असे ठरवले आहे.

घरात वर्षाची चटणी, म्हणजे वर्षभर पुरेल असा मिरचीचा तिखट मसाला, भरलेली असताना वेगळा मसाला कशाला, असे आईने विचारले आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडचा मसाला तेलात परतला जातो आणि मग त्यावर पाणी पडते. त्याचा सगळा हिशेब रश्श्यासाठी असतो. अख्ख्या मांडीवर चोळलेल्या मसाल्याला ना फोडणी मिळते ना रस्सा. तो मांसाच्या पृष्ठभागावर बसून तास-दोन तास कोरडी आच सोसतो. म्हणून प्रत्येक जिन्नस चवीला कसा आहे याच्या आधी तो कोरड्या आचेत कसा वागतो हे पाहायचे, असा या कामाचा मुख्य नियम राहील. वजने चमच्याने न मोजता काट्यावर ग्रॅममध्ये घ्यायची, मांसाच्या आतले तापमान सुईच्या थर्मामीटरने पाहायचे आणि अख्खी मांडी आणण्यापूर्वी लहान तुकड्यांवर चाचण्या घ्यायच्या.

10 फेब्रुवारी 2024

सकाळी रविवार पेठेत जाऊन मिरची घेतली. फेब्रुवारीत नवी मिरची बाजारात आलेली असते, त्यामुळे या कामाला हा काळ सर्वांत सोयीचा आहे.

बेडगी मिरची हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाने ओळखली जाते आणि तिला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सुरकुतलेली साल, गडद लाल रंग आणि बेताचा तिखटपणा या तिच्या खुणा आहेत. बाजारात तिचे डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार मिळतात. डब्बी आखूड आणि फुगीर, कड्डी लांब आणि बारीक. मी डब्बी घेतली, कारण मला तिच्याकडून रंग आणि मिरचीचा गोडसर वास हवा आहे, तिखट नको. परदेशी मसाल्यांत जी जागा पॅप्रिकाची असते, ती इथे बेडगीला देता येते. दोन्ही एकाच वनस्पतिजातीच्या मिरच्या आहेत.

तिखटासाठी संकेश्वरी घेतली. संकेश्वर हुक्केरी तालुक्यात, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात आहे, आणि सीमेपलीकडे गडहिंग्लजच्या बाजारातही ही जवारी (गावरान) मिरची मोठ्या प्रमाणावर येते. ती लांब, बारीक आणि झणझणीत असते. अर्धा किलो बेडगीला शंभर ग्रॅम संकेश्वरी, एवढेच घेतले, आणि तीही उरेल असे दिसते.

मिरची पारखण्याबद्दल पोत्यांजवळ बसलेल्या विक्रेत्या बाईंनी जे सांगितले ते नोंदवून ठेवण्यासारखे आहे. त्या म्हणाल्या, “मूठभर उचलून कानाजवळ वाजवून बघा की वो. बी खुळखुळलं तर घ्या, गप बसली तर पाणी मारलंय समजा.” मी दोन पोत्यांतली मिरची तशी पाहिली आणि फरक लगेच कळला. वजन वाढवण्यासाठी पाणी मारलेली मिरची बोटांत वाकते, पण मोडत नाही. शिवाय अशा मिरचीला आतून बुरशी लागण्याचा धोका असतो, आणि ती बुरशी वरून दिसत नाही. मिरची उभी चिरून आतला भाग पिवळसर आणि स्वच्छ आहे, करडा झालेला नाही, याची मी दुकानातच खात्री करून घेतली.

बाकी जिन्नस धणे, जिरे, मोहरी, दगडफूल, सुंठ आणि शिरसीकडचे मिरे. मिरे वजनाला जड आणि दाबल्यावर न फुटणारे निवडले.

12 फेब्रुवारी 2024

मिरच्यांचे देठ काढून त्या गच्चीवर कापडावर पसरल्या. दुपारचे ऊन कडक आहे आणि हवा कोरडी आहे. संध्याकाळी दव पडण्याआधी खाली आणायच्या. बेडगीचा रंग कॅरोटिनॉइड गटातल्या द्रव्यांमुळे येतो आणि ती द्रव्ये उजेडाने व हवेने फिकी पडतात, म्हणून ऊन हवे तेवढेच द्यायचे. मिरची कडक झाली की काम संपले.

17 फेब्रुवारी 2024

भरड करण्याचे काम आज केले. वर्षाची चटणी आपण डंकावर कुटून आणतो आणि ती जितकी बारीक तितकी चांगली मानतो. इथे मला उलट हवे आहे. बारीक पूड ओलसर मांसावर पडली की तिचा चिखल होतो, आणि तो वाळून भाजला की पापुद्र्यासारखा सुटून येतो. फार जाड तुकडे मांसाला धरत नाहीत, ते ट्रेमध्ये गळून जळतात. म्हणून रव्याएवढी भरड हे माप ठरवले आणि रव्याच्या चाळणीने चाळून वरचे तुकडे पुन्हा कुटले.

मिरचीसाठी खलबत्ता आणि मिक्सर दोन्ही वापरून पाहिले. कडक वाळलेली बेडगी खलबत्त्यात पहिल्या चार-पाच घावांतच कडकड मोडते आणि तिचे नखाएवढे लाल कपचे होतात. त्यानंतर बत्ता घासत फिरवला की साल रव्यासारखी होते आणि बिया अख्ख्या राहतात. त्या बिया चाळणीवर उरतात आणि मी त्या काढून टाकल्या, कारण ओव्हनमध्ये सालीच्या आधी बीच करपते. मिक्सरमध्ये काम लवकर होते, पण भांडे तापते आणि निम्मी पूड मैद्यासारखी होते. मिक्सरच वापरायचा असेल, तर एकेक क्षण फिरवून थांबायला हवे.

मिरे, धणे आणि जिरे वेगवेगळे कुटले. ते एकत्र कुटले तर धणे अख्खे राहतात आणि जिऱ्यांची पूड होऊन जाते.

18 फेब्रुवारी 2024

आज लहान तुकड्यांवर पहिली मोठी चाचणी घेतली. प्रश्न असा होता की मसाल्याचे जिन्नस आधी भाजून घ्यावेत की कच्चेच ठेवावेत. आपल्या हाताला सवय अशी की धणे-जिरे तव्यावर भाजल्याशिवाय मसाला होतच नाही. मांडीचे सारख्या आकाराचे तुकडे करून घेतले. काहींना भाजलेल्या धण्या-जिऱ्यांचा मसाला लावला, काहींना उन्हात वाळवलेल्या कच्च्या धण्या-जिऱ्यांचा, आणि एका तुकड्याला घरची वर्षाची चटणी. सगळे तुकडे एकाच ट्रेमध्ये 180 अंशांवर ठेवले.

वर्षाच्या चटणीचा तुकडा सर्वांत आधी काळा झाला. त्या चटणीत सुके खोबरे आणि तीळ आहेत, कांदा-लसूण आहे, आणि हे सगळे आधीच एकदा खरपूस भाजलेले आहे. कोरड्या आचेत खोबरे आणि कांदा पुढे करपण्याशिवाय दुसरे काही करू शकत नाहीत. हीच चटणी रश्श्यात अप्रतिम लागते, तेव्हा दोष चटणीचा नाही. भाजलेल्या धण्या-जिऱ्यांचा तुकडा दिसायला चांगला होता, पण जिभेवर शेवटी कडवटपणा राहिला. कच्च्या जिनसांचा तुकडा तिन्हींत उजवा ठरला. ओव्हनने त्याचे भाजणे मांसाबरोबरच केले आणि धण्यांचा वास ताजा राहिला. जो मसाला भट्टीत भाजला जाणार आहे तो आधी तव्यावर भाजू नये, हा नियम आता पक्का केला.

जिरे मात्र कच्चे असूनही इतर वासांवर चढले. ते यादीतून काढून टाकायचे. आईला हे पटलेले नाही; जिऱ्याशिवाय मटण तिला अपुरे वाटते.

21 फेब्रुवारी 2024

आजची नोंद मिठाबद्दल आहे, आणि माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत महत्त्वाचा जिन्नस मीठच आहे.

विकतच्या बहुतेक कोरड्या मसाल्यांत मीठ मिसळलेलेच असते. मी ते मसाल्याबाहेर ठेवणार आहे, त्याची कारणे अशी. पहिले कारण मापाचे: मीठ मांसाच्या वजनावर ठरते आणि मसाला पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर. जाड, आटोपशीर तुकड्याला मीठ जास्त लागते आणि मसाला कमी. दोन्ही एका बरणीत असतील तर एकाचे माप साधताना दुसऱ्याचे चुकते. दुसरे कारण वेळेचे: मिठाला आत जायला रात्र लागते, मसाल्याला आत जायचेच नसते. तिसरे कारण आपल्या पावसाळ्याचे: मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि जूननंतर मिठाचा मसाला बरणीत गोळा होऊन बसतो. शिवाय बारीक मीठ आणि भरड मिरची एका बरणीत ठेवली की मीठ तळाशी उतरते आणि वरचा चमचा अळणी, खालचा खारट निघतो.

रात्री मीठ लावलेल्या आणि ऐनवेळी मीठ लावलेल्या तुकड्यांची तुलना केली. मीठ लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मांसाच्या पृष्ठभागावर पाण्याचे थेंब दिसतात, कारण मीठ आतले पाणी बाहेर ओढते. याच वेळी तुकडा भाजायला घेतला, तर ते पाणी आटेपर्यंत वरचा थर भाजला न जाता नुसता शिजतो. पण तुकडा तसाच फ्रिजमध्ये उघडा ठेवला, तर त्या पाण्यात विरघळलेले मीठ पाण्यासकट हळूहळू मांसात परत शिरते, तिथल्या प्रथिनांची बांधणी सैल करते आणि त्यामुळे भाजताना मांस पाणी धरून ठेवते. सकाळी रात्रीच्या तुकड्याचा पृष्ठभाग बोटाला कोरडा, किंचित चिकट लागला आणि रंग गडद झाला होता. मांसाला खरपूस तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास देणारी प्रक्रिया साधारण 140 अंशांच्या वर जोर धरते, आणि जोवर पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान 100 अंशांच्या फारसे वर जात नाही. कोरड्या पृष्ठभागाचे मोल यातून कळते.

मापाचा हिशेब असा ठेवला. मांडी हाडासकट 1 किलो 700 ग्रॅम असेल तर त्यातले साधारण पाव भाग हाड धरायचे. उरलेल्या 1300 ग्रॅम मांसाला दीड टक्का, म्हणजे 20 ग्रॅमच्या आसपास मीठ.

25 फेब्रुवारी 2024

पहिली अख्खी मांडी आज भाजली. खाटकाला आधी सांगून ठेवले होते की मांडी तोडू नका, वरचा पातळ पापुद्रा तेवढा काढून द्या. तो पापुद्रा राहिला तर मीठही आत जात नाही आणि मसालाही धरत नाही.

काल रात्री मीठ चोळून ठेवलेल्या मांडीला आज आधी दोन चमचे शेंगतेल लावले आणि मग मसाला. तेलाचे काम नुसते चिकटवण्याचे नाही. मिरचीचा तिखटपणा आणि रंग पाण्यात उतरत नाहीत, तेलात उतरतात. दगडफुलाचेही तसेच आहे, कोरडे हुंगले तर ते जवळजवळ मुके असते आणि तापलेल्या तेलात गेले की त्याचा वास घरभर होतो. तेलाचा हा पातळ थर म्हणजे या मसाल्याला मिळणारी एकमेव फोडणी.

मांडी जाळीवर, उघडी, 160 अंशांवर ठेवली, जशी रोस्ट बीफची पद्धत आहे. मसाल्याचा थर उत्तम झाला. बेडगीचा रंग विटकरी लाल राहिला, मिरे आणि धणे दाताखाली कुरकुरीत आले. मांस मात्र चिवट राहिले, आणि याचे कारण मसाल्यात नसून जनावरात आणि भागात आहे. रोस्ट बीफसाठी पाठीकडचा किंवा बरगडीचा मऊ भाग घेतात, ज्यात जोडऊती, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारा चिवट भाग, फार नसते. तो आत 54 ते 57 अंश झाला की लालसर असतानाच कापायला तयार असतो. बोकडाच्या मांडीत चरबी कमी आणि जोडऊती भरपूर. ही जोडऊती 70 अंशांच्या पुढे, आणि तेही बराच वेळ मिळाला तरच, हळूहळू विरघळून मऊ होते. म्हणजे मांडीला लांब, ओली आच हवी आणि मसाल्याला कोरडी. पुढच्या चाचण्यांचा सगळा भर या दोन गरजा एकत्र कशा भागवायच्या यावर राहील.

मांडी कापल्यावर एक गोष्ट मुद्दाम पाहिली. मसाल्याचा लाल रंग कडेपासून दोन-तीन मिलिमीटरच आत गेला होता, त्यापुढचे मांस स्वच्छ तपकिरी होते. पण मीठ हाडाजवळच्या घासापर्यंत सारखे लागत होते. मसाला रात्रभर लावून ठेवला की आतपर्यंत मुरतो, असे आपण सहज म्हणतो. मुरते ते मीठ.

3 मार्च 2024

गुळाची चाचणी. परदेशी कोरड्या मसाल्यांत तपकिरी साखर हमखास असते आणि आमचा मुलूख तर उसाचा, त्यामुळे गुळाची पावडर घालून पाहणे भागच होते. पावडरने दोनच दिवसांत ओलावा ओढला आणि बरणीतला मसाला ढेकळासारखा झाला. ओव्हनमध्ये 180 अंशांवर गूळ लावलेला तुकडा गुळाशिवायच्या तुकड्याच्या कितीतरी आधी काळा पडला. गोडवा मसाल्यात घालायचा नाही. तो हवाच असेल तर काकवी वापरून पाहायची, आणि तीही अगदी शेवटी.

9 मार्च 2024

लसूण आणि मोहरी.

ताज्या लसणाचे वाटण कोरड्या मसाल्यात बसत नाही आणि विकतच्या लसणाच्या पुडीला मला अपेक्षित वास नाही. म्हणून गावठी लसणाचे पातळ काप करून उन्हात वाळवले. लसणात साठ टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे 100 ग्रॅम सोललेल्या पाकळ्यांचे वाळून 40 ग्रॅमच्या आत-बाहेरच उरते. सोलण्याची मेहनत लक्षात घेता हा जिन्नस जपून वापरण्याचा आहे. काप कडक झाल्यावर खलबत्त्यात कुटले आणि जाणूनबुजून जाड ठेवले, कारण लसणाची बारीक पूड करपली की कडू होते आणि तो कडवटपणा कशानेही झाकता येत नाही.

मोहरीचे वागणे अभ्यासण्यासारखे आहे. दाण्यात तिखटपणा तयार नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागले की दाण्यातले एक विकर (एन्झाइम) काम सुरू करते आणि नाकात जाणारा तो झणका तयार होतो. आचेने ते विकर निकामी होते आणि तयार झालेला झणका उडून जातो. त्यामुळे भाजल्या जाणाऱ्या मांसावर मोहरीची पूड तिखटासाठी लावणे व्यर्थ आहे. तरीही मी ती ठेवली, कारण भाजल्यावर तिला येणारा खमंगपणा मिऱ्यांना चांगली साथ देतो. इंग्रजी पद्धतीत मोहरीचा झणका हवा असतो तेव्हा ती कालवून ताटात वेगळी वाढतात, यामागचे कारण हेच असणार असे मला वाटते.

17 मार्च 2024

या चाचणीतून उत्तर हाती आले असे म्हणता येईल.

रात्रभर मीठ लावलेल्या मांडीला शेंगतेल आणि निम्मा मसाला लावून ती खोलगट ट्रेमध्ये ठेवली, तळाला अर्धी वाटी पाणी घातले, वरून फॉइलने घट्ट झाकले आणि 150 अंशांवर अडीच तास भाजली. झाकण काढले तेव्हा आत सुई 88 अंश दाखवत होती आणि नळीजवळचे मांस हाडापासून मागे सरले होते. मसाल्याची मात्र वाफेने ओली लापशी झाली होती, जे अपेक्षितच होते. मांडी ट्रेमधून काढून जाळीवर ठेवली, दहा मिनिटे वाफ जाऊ दिली, ट्रेमधल्या रसावर तरंगणारी चरबी चमच्याने काढून तीच मांडीवर लावली आणि त्यावर उरलेला निम्मा मसाला हलक्या हाताने दाबून बसवला. मग उघडीच 190 अंशांवर वीस मिनिटे.

पहिला निम्मा मसाला वाफेत विरघळून मांसाच्या वरच्या थराला आणि खालच्या रसाला लागला. दुसऱ्या निम्म्याने कवच तयार केले. दोन गरजा एका मसाल्याने एकाच वेळी भागत नाहीत, त्या दोन वेळांना विभागून भागतात. शेवटची आठ मिनिटे राहिली असताना एका बाजूला काकवीत लिंबाचे चार थेंब घालून तिचा एक हात फिरवला. त्या बाजूला चकाकी आली, गोडवा कवचावरच राहिला, आणि ती करपली नाही, कारण तिला करपण्याएवढा वेळच मिळाला नाही. आईने काकवीची बाजू आधी संपवली; मला स्वतःला दुसरी बाजू जास्त आवडली, कारण तिथे मिऱ्यांचा वास मोकळा होता.

मांडी काढल्यावर वीस मिनिटे झाकून ठेवली आणि मग धाग्याच्या आडव्या दिशेने कापली. ट्रेमधला रस गाळून वाटीत दिला. तो भाकरीबरोबर रश्श्याचीच गरज भागवतो, त्यामुळे रस्सा वेगळा केला नाही.

26 मार्च 2024

धुळवड काल सोमवारी आली आणि आई सोमवार पाळते, म्हणून आमच्याकडे मटण आज झाले. पाहुणे असल्याने दोन मांड्या होत्या. 17 तारखेची पद्धत तशीच वापरली. फरक एवढाच केला की मसाल्यातली संकेश्वरी एका मांडीसाठी दुप्पट केली. मोठ्यांना ती आवडली, पण मिऱ्यांचा आणि धण्यांचा स्वाद मागे पडला. संकेश्वरीचे मूळ प्रमाणच ठेवायचे. ज्याला तिखट हवे त्याने वरून घ्यावे.

एक व्यवहाराची बाब इथे नोंदवतो. मांसाला लागलेला हात मसाल्याच्या बरणीत जाता कामा नये. लागेल तेवढा मसाला आधी वाटीत काढायचा आणि वाटीत उरलेला टाकून द्यायचा. कच्च्या मांसाचे पाणी लागलेला मसाला साठवणे धोक्याचे आहे.

7 एप्रिल 2024

अंतिम प्रमाण ठरले. मिठाशिवायच्या 42 ग्रॅम मसाल्यात बेडगीची भरड 14 ग्रॅम, मिरे आणि धणे प्रत्येकी 8 ग्रॅम, वाळवलेला लसूण 5 ग्रॅम, मोहरी 3 ग्रॅम, संकेश्वरी 2 ग्रॅम, दगडफूल आणि सुंठ प्रत्येकी 1 ग्रॅम. पावणेदोन किलोच्या आतल्या मांडीला दोन्ही वेळचा मिळून 30 ग्रॅम मसाला पुरतो. दगडफूल निवडून, माती झटकून, हाताने चुरून मगच कुटायचे. त्यात बारीक खडे हमखास असतात आणि ते रश्श्यासारखे तळाशी बसत नाहीत, थेट दातांखाली येतात. लवंग आणि दालचिनी घालून पाहिली होती. त्यांनी मांडीला बिर्याणीचा वास दिला, म्हणून ती दोन्ही वगळली. जिऱ्यांबद्दल आईचे म्हणणे अजून कायम आहे आणि तिच्यासाठी मांडीचा नळीकडचा भाग जिरे लावून भाजला जातो.

2 जून 2024

पावसाळा तोंडावर आला आहे, त्यामुळे साठवणीचा निर्णय घेणे आवश्यक होते. 7 एप्रिलला कुटून बरणीत भरलेला मसाला आणि आज ताजा कुटलेला मसाला शेजारी ठेवून तपासला. जुन्याचा रंग जवळपास तसाच आहे, कारण बरणी अंधाऱ्या कपाटात होती. मिरची आणि लसूणही बरे टिकले. मिरे आणि धणे मात्र पुष्कळ उतरले. कुटल्यावर त्यांची सुगंधी तेले उडू लागतात आणि भरड असली तरी ती फार काळ थांबत नाहीत. यावरून मिरची आणि लसूण भरड करून, हिंगाचा खडा घालून काचेच्या बरणीत ठेवले आहेत, आणि मिरे, धणे, मोहरी, दगडफूल अख्खेच वेगळ्या डब्यांत. मांडीच्या दिवशी खलबत्त्यात हे चार जिन्नस कुटून, भरड मिरची-लसूण आणि सुंठ त्यांत मिसळायची, याला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

जुन्या मसाल्यापैकी उरलेले 20 ग्रॅम आज कोंबडीच्या तंगड्यांना लावले. कोंबडीला मांडीसारखी लांब ओली आच लागत नाही. आत 74 अंश झाले की ती खाण्यास सुरक्षित होते, आणि तंगडी आणखी दहा अंश वर नेली तर अधिक मऊ लागते. त्यामुळे झाकण न लावता, सगळा मसाला एकाच वेळी लावून, 190 अंशांवर पाऊण तासात काम झाले आणि कवच पहिल्यापासून कोरडे राहिले. कोंबडीच्या कातडीत स्वतःची चरबी असल्याने शेंगतेल निम्मे पुरले. मिऱ्यांचा उतरलेला वास इथेही जाणवला, म्हणून पुढच्या वेळी कोंबडीसाठीही मिरे त्याच दिवशी कुटायचे.